टिंबर रॅटलस्नेक: नकाशावर मुबलक, डोंगरावर दुर्मीळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणारी मराठी मंडळी, उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आईवडील आणि सापांविषयी कुतूहलाने भारतातून लिहिणारे वाचक, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर टिंबर रॅटलस्नेकवर, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेल्या एका विषारी सापावर आहे, कारण न्यू इंग्लंडपासून अ‍ॅपलाचियन डोंगररांगेपर्यंत जंगलात रॅटलस्नेकशी गाठ पडलीच तर ती बहुधा त्याच्याशीच पडते. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे पुन्हा दिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारतात, निदान सह्याद्रीत तरी, रॅटलस्नेक सापडतो का?

नाही. रॅटलस्नेक फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आहेत, कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट अर्जेंटिनापर्यंत. आपल्याकडचे त्यांचे नातलग म्हणजे चापडे. बांबूच्या बेटात हिरवागार होऊन बसणारा चापडा किंवा कोकणापासून केरळापर्यंत पावसाळ्यात दिसणारा मलबारी चापडा, हे दोघेही पिट व्हायपर. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता जाणणारी खाच त्यांनाही असते, रॅटलस्नेकलाही असते. फुरसंही इशारा देताना आवाज करतं, पण अंगावरचे खवले एकमेकांवर घासून. शेपटीला खुळखुळा असलेला साप भारतात नाही. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर 'घाटात रॅटलस्नेक आढळला' असा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका.

२. पूर्वेकडच्या जंगलांत रॅटलस्नेकच्या किती जाती आहेत?

चार. डोंगराळ पानझडी जंगलात टिंबर. पंचमहासरोवरांच्या आसपासच्या दलदलीत आणि ओल्या कुरणांत मॅसासॉगा, जेमतेम दोन-अडीच फुटांचा. आग्नेय किनाऱ्याच्या सपाट प्रदेशात, नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंत आणि पुढे आखाताच्या कडेने, ईस्टर्न डायमंडबॅक, रॅटलस्नेकमध्ये सगळ्यात मोठा. आणि दक्षिणेतच पिग्मी रॅटलस्नेक, इतका लहान की त्याचा आवाज किड्याच्या किरकिरीसारखा वाटतो आणि बरेचदा ऐकूही येत नाही. लिनियसने १७५८ मध्ये टिंबरला 'क्रोटॅलस हॉरिडस' असं शास्त्रीय नाव दिलं. खाली नुसतं 'रॅटलस्नेक' लिहिलं असेल तिथे टिंबर समजावा.

३. टिंबर नेमका कुठून कुठपर्यंत आढळतो?

नकाशा पाहिला तर थक्क व्हायला होतं. उत्तरेला न्यू हॅम्पशर, व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या शँप्लेन सरोवराचा काठ, वायव्येला मिसिसिपी नदीच्या कडेचे विस्कॉन्सिन-मिनेसोटातले उंच कडे, दक्षिणेला उत्तर फ्लोरिडा, नैर्ऋत्येला टेक्सासचा पूर्व भाग. मिळून तीसएक राज्यं.

पण हा नकाशा फसवा आहे. रंगवलेल्या पट्ट्याच्या आत साप सगळीकडे पसरलेला नाही. उत्तरेकडे तर तो हिवाळी कपारींच्या भोवती ठिपक्या-ठिपक्यांनी राहतो (प्रश्न ८), आणि हे ठिपके एकेक करून पुसले जात आहेत. मेन राज्यातून तो एकोणिसाव्या शतकातच गेला. ऱ्होड आयलंडमधून विसाव्या शतकात गेला. लाँग आयलंडवर एकेकाळी होता, आता नाही. कॅनडात तो ओंटारिओत होता. शेवटची खात्रीलायक नोंद १९४१ ची, नायगाराच्या घळीतली. न्यू हॅम्पशरमध्ये सगळ्या राज्यात मिळून एकच वस्ती उरली आहे. व्हरमाँटमध्ये पश्चिमेला रटलंड काउंटीच्या बाजूला दोन. उलट पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि दक्षिण अ‍ॅपलाचियन डोंगरांत तो अजून बऱ्यापैकी टिकून आहे. वेस्ट व्हर्जिनियाने तर २००८ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत सरपटणारा प्राणी केलं.

४. आम्ही एडिसनला राहतो. बॅकयार्डमध्ये रॅटलस्नेक येऊ शकतो का? मुलं खेळत असतात.

एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात नाही. न्यू जर्सीत तो दोनच भागांत आहे: वायव्येकडची किटॅटिनी रांग व हायलँड्सचा डोंगराळ भाग आणि दक्षिणेकडचे पाइन बॅरन्स. डेलावेअर वॉटर गॅपला ट्रेकला गेलात किंवा राज्याची हद्द ओलांडून हॅरिमन स्टेट पार्कमध्ये गेलात, तर तुम्ही त्याच्या प्रदेशात आहात. बॉस्टनकरांसाठी तसंच ठिकाण शहराच्या दक्षिणेला लागून असलेलं ब्लू हिल्स. घरामागच्या गवतात सळसळणारा साप बहुतेक गार्टर स्नेक असतो, निरुपद्रवी.

५. ओळखायचा कसा? फोटो पाहिले तर प्रत्येकात वेगळाच दिसतो.

वेगळा दिसतो हे खरं आहे. उत्तरेत त्याचे दोन रंग सर्रास दिसतात. एक पिवळसर-तपकिरी, त्यावर गडद आडवे वेडेवाकडे पट्टे. दुसरा इतका काळा की पट्टे शोधावे लागतात. एकाच कपारीत दोन्ही रंगांचे साप असतात. रंगावरून नर-मादी ठरत नाही. दोघांतही मागचं टोक मखमली काळं असतं आणि त्यापुढे खुळखुळा. डोकं रुंद, मान बारीक, अंग जाडजूड. लांबी साधारण तीन ते साडेचार फूट. कोणी सहा फुटांचा पाहिल्याचं सांगितलं तर त्यातला एक फूट भीतीचा धरावा.

गोंधळ होतो तो दुसऱ्या सापांमुळे. काळा रॅट स्नेक (आपल्या धामणीसारखाच उंदरांवर जगणारा, बिनविषारी) घाबरला की वाळक्या पानांत शेपूट थरथरवतो आणि आवाज हुबेहूब येतो. मिल्क स्नेकही तेच करतो. शेपटीचं टोक निमुळतं आणि टोकदार असेल तर तो रॅटलस्नेक नाही. कॉपरहेड मात्र विषारी आहे आणि याच जंगलांत राहतो. त्याला खुळखुळा नसतो आणि पाठीवरचे तांबूस पट्टे मध्ये बारीक, कडेला रुंद असतात.

६. खुळखुळ्याच्या कड्या मोजल्या की वय कळतं ना?

कळत नाही. नखं ज्या केराटिनची असतात त्याच केराटिनच्या या पोकळ कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात. आत बिया किंवा खडे नसतात, कड्या एकमेकींवर आपटून आवाज होतो. दर वेळी कात टाकली की एक कडी वाढते. पण कात वर्षातून एकदाच टाकली जाईल असं नाही, आणि खडकांत फिरताना टोकाच्या कड्या तुटून पडतात. आठ कड्यांचा साप सहा वर्षांचा असेल किंवा पंचवीसचाही.

७. तो वाजवल्याशिवाय चावत नाही हे खरं आहे का?

यावर विसंबून राहू नका. रॅटलस्नेकचा पहिला बचाव म्हणजे गप्प पडून राहणं. वाळक्या पानांत त्याचा रंग असा मिसळतो की लोक दोन फुटांवरून निघून जातात आणि त्यांना कळतही नाही. वाजवणं म्हणजे आपलं ठिकाण उघड करणं, ते तो नाइलाजाने करतो. अचानक पाय पडला किंवा हात लागला तर वाजवायला वेळच मिळत नाही.

'वाजवणारे मारले गेले, म्हणून आता न वाजवणाऱ्यांची जात तयार होत आहे' ही गोष्ट फार ऐकू येते. ऐकायला पटते, पण तिला भक्कम पुरावा नाही. गप्प राहणं हा या सापाचा मूळचाच स्वभाव आहे.

८. बर्फ पडतो तेव्हा हे साप जातात कुठे?

या सापाचं सगळं नशीब याच उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर.

न्यूयॉर्क किंवा मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. त्या थराच्या खाली पोहोचणाऱ्या भेगा सगळीकडे नसतात. दक्षिणेकडे तोंड असलेले, ढासळलेल्या खडकांचे उतार आणि कड्यांच्या फटी, अशा मोजक्या जागी साप ऑक्टोबरच्या सुमारास आत शिरतात आणि एप्रिलअखेर किंवा मेमध्ये बाहेर येतात. वर्षाचे जवळजवळ सात महिने जमिनीखाली. एका कपारीत अनेक रॅटलस्नेक, शिवाय कॉपरहेड आणि रॅट स्नेकही शेजारी म्हणून असतात.

बाहेर आल्यावर ते जंगलात पांगतात. नर कधीकधी कपारीपासून सहा-सात किलोमीटरपर्यंत जातात, गाभण माद्या मात्र जवळच्या उघड्या, ऊन लागणाऱ्या खडकांवर उन्हाळा काढतात. शरद ऋतूत प्रत्येक जण आपल्याच कपारीकडे परततो, वर्षानुवर्षं. त्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांना वाट माहीत नसते. ती मोठ्यांच्या वासाचा माग काढत येतात.

आता यातली गोम बघा. कपार उद्ध्वस्त झाली तर साप दुसरी शोधतील असं होत नाही. आणि सगळे साप एकाच दाराने आत-बाहेर करतात म्हटल्यावर, ते दार ज्याला ठाऊक आहे तो माणूस एका दुपारी अख्खी वस्ती पोत्यात भरू शकतो. हे असं झालेलं आहे (प्रश्न १२).

पाइन बॅरन्समध्ये कडेकपारी नाहीत, सगळी वाळू. तिथले साप ओढ्याकाठच्या दलदलीत पांढऱ्या सिडारच्या मुळांखाली, वाहत्या पाण्याजवळ हिवाळा काढतात.

९. साप तर एकावेळी भरपूर पिल्लं देतात. मग संख्या कमी कशी होते?

फुरशाची किंवा घोणशीची सवय असलेल्या आपल्या लोकांचा हा हक्काचा प्रश्न. घोणस एका वेळी चाळीस-पन्नासही पिल्लं देते. टिंबरही अंडी न घालता थेट पिल्लंच देतो, पण साधारण सहा ते दहा.

खरा फरक वेळेचा आहे. ईशान्येकडच्या थंडीत मादी वयात यायला सात ते दहा वर्षं घेते. पहिल्या वेतानंतर अंगावर पुन्हा चरबी चढायला तीन-चार वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. हिशेब करून पाहा: २०१५ मध्ये जन्मलेली मादी २०२४ च्या आसपास पहिल्यांदा विणार, मग २०२८ च्या सुमारास दुसऱ्यांदा. आयुष्यभरात तीन ते पाच वेळा विते, तेही ती तेवढी जगली तर. पिल्लांपैकी बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात जातात.

म्हणजे ही जात प्रौढ माद्या दीर्घकाळ जगण्यावर उभी आहे. तीस वर्षांहून जास्त जगणारे टिंबर नोंदवलेले आहेत. वर्षाला दोन-तीन प्रौढ माद्या कमी झाल्या, एक गाडीखाली, एक फावड्याने, एक कोणाच्या तरी काचेच्या पेटीत, तरी तीस-चाळीस सापांची कपार हळूहळू रिकामी होते. आणि ते पटकन कळतही नाही, कारण म्हातारे साप आणखी काही वर्षं दिसत राहतात.

मादी विणीनंतर पिल्लांना लगेच सोडून जात नाही, हेही इथेच सांगतो. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये जन्मल्यापासून पहिली कात टाकेपर्यंत, आठवडा-दहा दिवस, ती त्यांच्याजवळ थांबते. टिंबर आपली सख्खी भावंडं ओळखतात आणि परक्यांपेक्षा त्यांच्याजवळ बसणं पसंत करतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

१०. मग हा साप धोक्यात आहे की नाही? एका ठिकाणी 'चिंता नाही' लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी 'संकटग्रस्त'.

दोन्ही बरोबर आहेत, मोजमाप वेगवेगळ्या पातळीवरचं आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आययूसीएनच्या (निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना) यादीत तो 'किमान चिंता' या वर्गात आहे, कारण त्यांनी अख्खा नकाशा पाहिला. अमेरिकेच्या केंद्रीय संकटग्रस्त प्रजाती कायद्यात त्याचं नाव नाही. पण अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची यादी असते, आणि तिथलं चित्र असं: न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यू जर्सी (१९७९ पासून), ओहायो आणि इंडियाना इथे 'संकटग्रस्त'. न्यूयॉर्क (१९८३ पासून), मिनेसोटा आणि इलिनॉय इथे 'धोक्याच्या छायेत'. पेनसिल्व्हेनियात तो संरक्षण यादीचा उमेदवार होता, वर्षानुवर्षं वस्त्या तपासल्यानंतर २०१६ मध्ये त्याला उमेदवारीतून काढलं.

माझं मत विचाराल तर 'किमान चिंता' हा शिक्का उत्तरेकडे कुचकामी आहे. जॉर्जियात साप भरपूर आहेत म्हणून न्यू हॅम्पशरची शेवटची कपार भरून निघत नाही.

११. आम्ही टोरांटोजवळ राहतो. ओंटारिओत रॅटलस्नेक संपला म्हणता, पण जॉर्जियन बेच्या कॉटेजवर पाटी होती!

पाटी बरोबर होती. संपला तो टिंबर. जॉर्जियन बे आणि ब्रूस द्वीपकल्पावर आहे तो मॅसासॉगा, आज ओंटारिओतला एकमेव विषारी साप. नायगाराजवळची वेनफ्लीटची दलदल आणि विंडसरजवळचं ओजिब्वे गवताळ रान इथेही त्याच्या लहानशा, एकाकी वस्त्या राहिल्या आहेत, त्यांची अवस्था जास्त नाजूक आहे.

अमेरिकेत मॅसासॉगाला २०१६ मध्ये केंद्रीय कायद्याखाली 'धोक्याच्या छायेत' घोषित केलं. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो टिंबरपेक्षा एक पायरी वर आहे. न्यूयॉर्क राज्यात तो दोनच दलदलींत उरला आहे, सिरॅक्यूजजवळची सिसेरो आणि पश्चिमेकडची बर्गन. हिवाळ्यात तो नदीखेकड्यांसारख्या क्रेफिशच्या बिळांत, पाण्याच्या पातळीला लागून राहतो. दलदल उपसली की साप गेला, इतका सरळ हिशेब.

१२. कमी झाला तो नेमका कशामुळे?

पहिलं कारण इनाम. शेपूट आणून दाखवा आणि पैसे घ्या, अशी पद्धत अनेक काउंट्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होती, मिनेसोटात १९८९ पर्यंत. गंमत अशी की १७५१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने उपहासाने सुचवलं होतं की ब्रिटन आपले कैदी वसाहतींत पाठवतं, तर बदल्यात आपण रॅटलस्नेक पाठवावेत; आणि १७७५ च्या क्रांतीच्या पिवळ्या झेंड्यावर हाच साप वेटोळं घालून बसला. झेंड्यावर मान आणि डोंगरावर इनाम, दोन्ही एकाच देशात.

दुसरं कारण चोरटा व्यापार. इनामाचे शिकारी गेले, त्यांच्या डोक्यातल्या कपारींच्या जागा मात्र पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचल्या.

तिसरं कारण रस्ते. टिंबर रस्ता सावकाश ओलांडतो, गाडी आली की जागीच थबकतो. मेले त्यांची गोष्ट वेगळी. पण रस्त्यांनी तुटलेल्या कपारींमध्ये नरांची ये-जा थांबते आणि जनुकीय वैविध्य घटतं, हे न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात २०१० मध्ये स्पष्ट झालं. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

चौथं, जरा अनपेक्षित: झाडं वाढली. शेतं पडीक राहून न्यू इंग्लंड पुन्हा जंगलाखाली आलं आणि गाभण माद्यांना ऊन देणारे उघडे खडक सावलीत गेले. काही ठिकाणी आता वनखात्याची माणसं मुद्दाम फांद्या छाटून त्यांना ऊन मोकळं करून देतात.

१३. सापांना बुरशीचा रोग होतो असं ऐकलं. तो काय प्रकार आहे?

'ओफिडिओमायसीस' नावाची बुरशी कातडीवर, विशेषतः तोंडाभोवती फोड आणि खपल्या आणते. न्यू हॅम्पशरच्या त्या एकमेव वस्तीत २००६ च्या फार पावसाळी उन्हाळ्यानंतर साप झपाट्याने घटले आणि या रोगाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तिथे आप्तसंबंधातच वीण होऊन वस्ती आधीच दुबळी झालेली होती. हीच बुरशी मोठ्या, निरोगी वस्तीत सापडली तर बरेच साप ऊन खाऊन, कात टाकून बरे होतात. माणसांना ती लागत नाही, पण बुटांच्या चिखलातून जाऊ शकते. कपारीजवळ न जाण्याचं हे आणखी एक कारण.

१४. पेनसिल्व्हेनियात म्हणे परवाना काढून रॅटलस्नेक पकडता येतो. मग संरक्षण कसलं?

येतो. राज्याचा मत्स्य व नौकानयन आयोग परवाना देतो. मोसम साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, वर्षाला एका माणसाला एकच साप, तो निदान ४२ इंच लांब हवा आणि शेपटीखालचे खवले २१ किंवा त्याहून जास्त हवेत. खवल्यांची अट विचित्र वाटेल, पण नराची शेपूट लांब असते म्हणून त्याचे खवले जास्त भरतात. म्हणजे अटीचा अर्थ इतकाच: मादीला हात लावायचा नाही (का, ते प्रश्न ९ मध्ये). नियम दर वर्षी तपासून घ्यावेत.

डोंगरांतल्या काही गावांत साप पकडण्याच्या स्पर्धा भरतात, नॉक्सनची त्यांतली प्रसिद्ध, अग्निशमन दलासाठी पैसे उभे करणारी. तिथले साप मोजून-मापून नंतर पकडलेल्या जागी सोडायचे असतात. दक्षिणेत असे मेळे पूर्वी सापांना मारून साजरे होत. जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावाने २०१२ मध्ये आपला मेळा वन्यजीव महोत्सवात बदलला. पोत्यात कोंबून मिरवलेल्या सापाला काय वाटतं हा प्रश्न मला नॉक्सनच्या बाबतीतही पडतो, पण या गावकऱ्यांना आपल्या डोंगरावर साप टिकावेत असं मनापासून वाटतं, हेही नाकारता येत नाही.

१५. ट्रेलवर समोर दिसला तर काय करायचं?

थांबा. कुठे आहे ते नीट पाहा. सात-आठ फुटांचं अंतर ठेवून वळसा घाला. त्याची झेप स्वतःच्या लांबीच्या साधारण निम्मी असते आणि तो पाठलाग करत नाही. ओंडका ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवा, पलीकडे पाहा, मग उतरा: टिंबर ओंडक्यावर हनुवटी टेकवून खारी-उंदरांची वाट पाहत तासन्‌तास बसतो. खडक चढताना न दिसणाऱ्या जागी हात घालू नका. कुत्रा दोरीने बांधलेला हवा. काठीने डिवचणं आणि सेल्फी, दोन्ही नको. चावल्याच्या घटनांत मुद्दाम छेडणाऱ्यांचा वाटा मोठा असतो.

१६. आणि चावलाच तर?

९११ ला फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये पोहोचा, बाकी सगळं दुय्यम. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज चढते. चावलेला भाग हलवू नका. चिरा देणं, तोंडाने ओढणं, घट्ट आवळून बांधणं, बर्फ लावणं यांतलं काहीही करू नका. साप पकडून किंवा मारून नेण्याची गरज नाही. विषासंबंधी सल्ल्यासाठी अमेरिकाभर चालणारा क्रमांक १-८००-२२२-१२२२.

अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि साधारण पाच दगावतात. भारतातल्या आकड्यांशी तुलना केली तर फरक सापाच्या विषाचा कमी, हॉस्पिटल किती लवकर मिळतं याचा जास्त आहे.

भारतातून औषध आणून ठेवू का, असं एका काकांनी विचारलं होतं. उपयोग नाही. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. इथे मेंढ्यांपासून बनणारं क्रोफॅब आणि घोड्यांपासून बनणारं अ‍ॅनाव्हिप वापरतात. एकेका कुपीची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते आणि कुप्या बऱ्याच लागतात, तेव्हा आईवडिलांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढताना आणीबाणीच्या उपचारांची मर्यादा नीट वाचा.

१७. घराच्या आवारात आला तर सर्पमित्र बोलावतात तसं इथे कोणी असतं का?

असतं. राज्याच्या वन्यजीव विभागाला फोन करा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये प्रशिक्षित माणसं येऊन साप हलवतात. पण ते त्याला जवळच सोडतात आणि लोक नाराज होतात: 'लांब का नाही नेला?' लांब नेलेला टिंबर आपली कपार शोधत भरकटतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका अभ्यासात (१९९९) दूर नेऊन सोडलेल्या सापांपैकी निम्म्याच्या आसपास मेले, स्थानिक सापांत मृत्यूचं प्रमाण त्यापेक्षा कितीतरी कमी होतं. शंभर मैल दूर सोडणं ही दया नव्हे.

१८. जमीन माझ्या मालकीची आहे. साप येऊ नये म्हणून जाळीचं कुंपण घातलं तर चालेल?

घरासमोरच्या मुलांच्या खेळायच्या जागेभोवती, वन्यजीव विभागाला विचारून, बहुधा चालेल. सापांची वाट अडवणारं कुंपण मात्र गोत्यात आणू शकतं. न्यूयॉर्कमधल्या फिशकिलजवळ एका खाणकंपनीने आपल्याच जमिनीवर, कपारीच्या बाजूला, सुमारे साडेतीन हजार फूट लांब सापरोधक कुंपण घातलं. राज्य सरकार कोर्टात गेलं. २००० साली अपिलातही निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला: सापांना त्यांच्या नेहमीच्या जागी जाण्यापासून रोखणं हेही संरक्षित प्राण्याला इजा करण्यातच मोडतं. साप मारायलाच हवा असं नाही, वाट बंद केली तरी पुरे.

१९. तो गोचिडी खातो आणि लाइम रोग (गोचिडी चावल्याने होणारा) कमी करतो, हे कितपत खरं?

गोचिडी तो खात नाही, गोचिडी अंगावर असलेले उंदीर खातो. मेरीलँड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये गणित मांडलं की एक टिंबर वर्षाला अडीच ते साडेचार हजार गोचिडी अशा रीतीने कमी करतो. हा गणिती अंदाज आहे, जंगलात गोचिडी मोजून काढलेला आकडा नव्हे. साप वाढले म्हणून गावातला लाइम रोग घटला, असं अजून कोणी दाखवलेलं नाही. साप वाचवायला हे कारण वापरू नये असं मला वाटतं. उद्या आकडा चुकीचा निघाला तर काय सापांना मारायचं?

२०. मॅसॅच्युसेट्स सरकार बेटावर रॅटलस्नेक सोडणार होतं ना? काय झालं त्याचं?

क्वाबिन जलाशयातल्या माउंट झायन बेटावर, जिथे लोकांना प्रवेशच नाही, तिथे थोडे साप वाढवून नवी वस्ती उभी करायची अशी २०१६ ची योजना होती. साप पोहत किनाऱ्यावर येतील या भीतीने गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये योजना गुंडाळली. टिंबर पोहतो हे खरंच आहे. पण क्वाबिनच्या परिसरात रॅटलस्नेक आधीपासूनच राहत होते आणि लोक तिथे निवांत मासेमारी करत होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

२१. 'केनब्रेक रॅटलस्नेक' ही वेगळी जात आहे का?

दक्षिणेच्या किनारी सपाट भागातले टिंबर गुलाबी-करडे असतात आणि पाठीच्या मध्यावर विटकरी रेघ असते. त्यांनाच केनब्रेक म्हणतात. आता बहुतेक तज्ज्ञ त्यांना वेगळं मानत नाहीत. तरीही दोन ठिकाणी फरक पडतो. व्हर्जिनियात डोंगरातला टिंबर यादीत नाही, पण आग्नेय किनाऱ्यावरचा केनब्रेक 'संकटग्रस्त' आहे. एकच जात, एकच राज्य, दोन दर्जे. आणि दक्षिणेतल्या काही सापांच्या विषात मज्जासंस्थेवर परिणाम करणारं घटकद्रव्य असतं, जे उत्तरेत सहसा नसतं. उपचार मात्र प्रश्न १६ मधलेच.

२२. फार सुंदर फोटो मिळाला आहे. फेसबुकवर टाकू का?

फोटो टाका, जागा टाकू नका. ट्रेलचं नाव, पार्किंगचा उल्लेख, पाठीमागे ओळखू येणारा कडा, यांतलं काहीही पुरेसं असतं. फोनमधली लोकेशनची नोंदही काढून टाका. आयनॅचरलिस्टसारखी संकेतस्थळं अशा प्राण्यांची जागा आपोआप अस्पष्ट करतात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती सोय नाही.

२३. रस्त्यावर मेलेल्या सापाचा खुळखुळा आठवण म्हणून काढून आणला तर? मी तर मारला नाही.

आधी जिवाची गोष्ट: मेलेल्या, अगदी तुटलेल्या डोक्यातही चावण्याची प्रतिक्षिप्त क्रिया बराच वेळ टिकते आणि विष तसंच असतं. हात लावू नका.

मग कायद्याची. जिथे साप संकटग्रस्त यादीत आहे, तिथे त्याचे अवयव बाळगणंही सहसा गुन्हाच असतो, तो कसा मेला याला महत्त्व नसतं. बेकायदा मिळवलेली वस्तू राज्याबाहेर नेली की केंद्रीय लेसी कायदा लागू होतो. भारतात येताना सामानात टाकण्याचा विचार तर सोडूनच द्या. त्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी थांबवून लांबून फोटो काढा, तारीख आणि जागा राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. रस्त्यावर मेलेल्या सापांच्या नोंदींतूनच कुठल्या पट्ट्यात गाड्यांचा वेग कमी करायचा किंवा रस्त्याखालून वाट काढायची ते ठरतं.